दर्या आणि दऱ्या

समुद्राला दर्या म्हणतात आणि डोंगरांमधील खोल भागांना दऱ्या म्हणतात. कोळ्यांचा दर्या कोकणच्या किनाऱ्याला आणि दऱ्या सह्याद्रीच्या कुशीत; तेव्हा या दोन शब्दांतही पुष्कळ अंतर असेल, असे तुम्हांला वाटण्याचा संभव आहे. संगणकाला विचारून पाहा. तो सांगेल की, दोहोंमध्ये अवघ्या एकाचे अंतर आहे. 'दर्या' या शब्दात एके ठिकाणी २३५२ हा आकडा येतो. 'दऱ्या' या शब्दात त्याच ठिकाणी २३५३ येतो. बाकीचे आकडे दोन्ही शब्दांत तेच.

ही गोष्ट मला प्रथम सांगितली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. नागपूरच्या धरमपेठेत, आमच्याच गल्लीत तो राहतो. सॉफ्टवेअर तयार करणे हा त्याचा व्यवसाय. सकाळी अंबाझरीकडे फिरायला जाताना, गोकुळपेठेच्या बाजारात भाजी घेताना किंवा संध्याकाळी गच्चीवर उभा असताना त्याच्या मनात नाना विचार येतात आणि मी भेटलो की तो ते मला सांगत बसतो. शाळेत असताना हा मुलगा फारसा बोलत नसे. यंत्रांच्या सहवासात राहून तो बोलका झाला, ही मौजच म्हणायची.

सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. संगणक हे यंत्र अतिशय वेगवान, पण त्याला स्वतःची समज मुळीच नाही. त्याने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि केव्हा थांबावे, हे कोणीतरी त्याला एकेक आज्ञा लिहून सांगावे लागते. या आज्ञांच्या मालिकेला प्रोग्राम किंवा आज्ञावली म्हणतात आणि अशा प्रोग्रामांना मिळून सॉफ्टवेअर हे नाव आहे. घरातील एखाद्या गड्याला तुम्ही सांगितले की, "दूध तापत ठेव," तर ते उतू जाण्यापूर्वी खाली उतरवायचे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. संगणकाला सांगावे लागते. नाही सांगितले, तर दूध उतू जाईल, आटेल, पातेले करपेल आणि हा आज्ञाधारक सेवक शेजारी निश्चल उभा राहील. वर त्याला दोषही देता येणार नाही. कारण त्याने तुमची आज्ञा अक्षरशः पाळलेली असते.

आज्ञावलीतील चुकीला त्या व्यवसायात 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची पद्धत तशी जुनी आहे; पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक खराखुरा किडा सापडला. तेथील मोठा संगणक नीट चालेना, म्हणून तो उघडून पाहिला, तेव्हा आत एक पतंग अडकून मेलेला आढळला. तेथील मंडळींनी तो काढून आपल्या नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहून ठेवले की, खरा किडा सापडण्याचा हा पहिलाच प्रसंग. ती वही अजूनही अमेरिकेतील एका संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. आमचा अभियंता म्हणतो, "सर, तो पतंग निदान डोळ्यांना दिसला तरी. आमचे किडे दिसतच नाहीत."

आता न दिसणाऱ्या एका किड्याची हकीकत ऐका. एका कार्यालयात वृद्ध लोकांच्या नावांची यादी संगणकावर होती. एक आजी आपला कागद घेऊन तेथे गेल्या. कागदावरचे नाव आणि यादीतील नाव संगणकाने ताडून पाहायचे व ते जुळले म्हणजे पुढचे काम करायचे, अशी रीत होती. आजींच्या आडनावात 'ऱ्हा' हे अक्षर होते. संगणकाने उत्तर दिले: नाव जुळत नाही. खिडकीमागच्या कारकुनाने कागद पाहिला, पडदा पाहिला. दोन्हीकडे तेच नाव, त्याच काना-मात्रांसह. पण यंत्र नाही म्हणत असता हो म्हणण्याचा अधिकार त्याला नव्हता. आजी परत गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा परत गेल्या. तिसऱ्या खेपेस त्या म्हणाल्या, "अहो, मी तीच आहे हो!" यावर त्या कारकुनाने काय बोलावे?

अखेर हे काम आमच्या अभियंत्याकडे आले. त्याने दोन्ही नावे अक्षरांत न वाचता आकड्यांत वाचली आणि दोष त्याच्या ध्यानात आला. तो कोणता, हे समजण्यासाठी मराठी अक्षरे संगणकात कशी राहतात, हे पाहायला हवे.

संगणकाला अक्षर ओळखता येत नाही. त्याला आकडे तेवढे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. 'क' चा क्रमांक २३२५, 'म' चा २३५०, 'ळ' चा २३५५. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. तुम्ही 'नागपूर' असे लिहिले, तर संगणक २३४४, २३६६, २३२७, २३४६, २३७०, २३५२ असे सहा आकडे टिपून ठेवतो. यांतील २३६६ म्हणजे काना आणि २३७० म्हणजे दीर्घ उकार. 'धरमपेठ' या शब्दाचेही सहाच आकडे होतात. ते कोणते, हे तुमचे तुम्ही शोधून काढा. मात्रेचा क्रमांक २३७५ आहे, एवढी मदत करतो. बाकीची अक्षरे वर्णमालेच्याच क्रमाने येतात: 'ट' २३३५, मग 'ठ', 'ड', 'ढ'. 'न' आणि 'प' यांच्यामध्ये मात्र एक जागा दुसऱ्याच एका अक्षराला दिलेली आहे, तेवढी ध्यानात ठेवा.

जोडाक्षर लिहायचे झाले, तर मध्ये पाय मोडण्याची खूण घालतात. तिचा क्रमांक २३८१. म्हणजे 'क्ष' हे आपल्याला एक अक्षर दिसते. यंत्राच्या लेखी ते 'क', पायमोड आणि 'ष' असे तीन आकडे आहेत. ऱ्हस्व वेलांटीची गंमत तर याहून न्यारी आहे. 'कि' लिहिताना तुम्ही कागदावर वेलांटी डावीकडे काढता. संगणक मात्र आधी 'क' टिपतो, मग वेलांटी. कारण उच्चारात 'क्' आधी आणि 'इ' मागून येते. पडद्यावर दाखवताना तो वेलांटी उचलून डावीकडे ठेवतो. आपण जसे बोलतो तसे त्याने साठवावे आणि आपण जसे लिहितो तसे त्याने दाखवावे, अशी ही योजना आहे. ज्यांनी ती आखली त्यांना आपल्या लिपीची चांगली जाण होती, हे कबूल केले पाहिजे.

ही योजना एका दिवसात झालेली नाही. पूर्वी मराठी मजकूर एका संगणकावर लिहावा आणि दुसऱ्यावर उघडावा, तर तेथे अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणांचा पसारा दिसे; कारण प्रत्येक अक्षरसंचाचे क्रमांक निराळे. आपल्या देशातील लिपी संगणकावर आणण्याचे काम कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये सुरू झाले. पुढे ते पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत चालू राहिले. भारतीय लिप्यांसाठी क्रमांकांचे एक प्रमाण कोष्टक ठरले आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून ते मान्य झाले. त्याच वर्षी जगातील साऱ्या लिप्यांना एकाच पद्धतीने क्रमांक देणाऱ्या युनिकोड या योजनेची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरीचा क्रम आपल्याकडील १९८८ च्या कोष्टकावरून घेतला. देवनागरीच्या वाट्याला २३०४ पासून २४३१ पर्यंतच्या १२८ जागा आल्या.

नुसता क्रमांक देऊन अक्षर दिसू लागत नाही. त्याला रूपही द्यावे लागते. मुंबईचे अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी 'मंगल' नावाचा देवनागरी अक्षरसंच रचला आणि तो विंडोज या प्रणालीबरोबर जगभरच्या संगणकांत जाऊन पोहोचला. कोट्यवधी लोकांनी त्यांची अक्षरे वाचली असतील. त्यांतल्या किती जणांनी त्यांचे नाव ऐकले असेल?

सी-डॅकचे नाव निघाले की आमच्या अभियंत्याचा चेहरा खुलतो, आणि त्याला कारण आहे. धरमपेठेच्या जवळच दक्षिण अंबाझरी मार्गावर विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. १९६० साली स्थापन झाली तेव्हा ती प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखली जात असे. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावचे विजय भटकर यांनी १९६५ साली येथूनच अभियांत्रिकीची पदवी मिळवली. पुढे भारताला अतिवेगवान संगणक हवा होता आणि अमेरिका तो द्यायला तयार नव्हती. तेव्हा १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली व तिची धुरा भटकरांकडे आली. एकच प्रचंड यंत्र बांधण्याऐवजी अनेक लहान यंत्रे जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घ्यावे, असा मार्ग तेथील शास्त्रज्ञांनी धरला आणि १९९१ साली 'परम ८०००' हा संगणक उभा केला. विदर्भातल्या एका लहान गावातील मुलगा नागपुरात शिकून हे करू शकला, याचा अभिमान बाळगण्यास आम्हां नागपूरकरांना कोणाची परवानगी नको.

पण आजींचे काय झाले, ते राहिलेच. 'ऱ्हा' मधला तो र तुम्ही नीट पाहा. 'सूर्य' किंवा 'आचार्य' या शब्दांत र डोक्यावर रफार होऊन बसतो. 'सुऱ्या', 'दुसऱ्या', 'गोऱ्हा' या शब्दांत तो एखाद्या वळलेल्या पापणीसारखा अक्षराच्या आधी येतो. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही. मराठीचे मात्र त्यावाचून अडते. आचार्यांना जेवायला बोलावणे निराळे आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाला बोलावणे निराळे! हे रूप संगणकात उमटवण्याच्या दोन रीती आहेत. दक्षिणेकडील भाषांतील एक वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून २३५३ हा क्रमांक राखून ठेवलेला आहे. तो क्रमांक आणि त्यापुढे पायमोड दिला की आपला पापणीसारखा र तयार होतो. किंवा साधा र, म्हणजे २३५२, त्यापुढे पायमोड आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाची एक अदृश्य खूण द्यायची. या खुणेला स्वतःचे रूप नाही. शेजारच्या अक्षरांना कसे जोडावे, एवढेच ती यंत्राला सुचवते. दोन्ही रीतींनी पडद्यावर उमटते ते एकच अक्षर.

आजींचे नाव यादीत एका रीतीने लिहिले गेले होते आणि कागदावर दुसऱ्या. डोळ्यांना ते एक; यंत्राला दोन. दोन्ही ठिकाणी लिहिणाऱ्यांनी नाव शुद्धच लिहिले होते. चूक होती ती दोन रीती असतात हे ज्याला ठाऊक नव्हते, त्या आज्ञावलीची. आमच्या अभियंत्याने चार ओळींची भर घातली: नावे ताडून पाहण्यापूर्वी दोन्हींतील हा र एकाच रीतीचा करून घ्यावा. आजींचे काम झाले. त्यांच्याबरोबर आणखी कितीजणांचे झाले असेल, कोण जाणे. कारण 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' असलेली आडनावे आपल्याकडे काही थोडी नाहीत.

मी त्याला म्हटले, "शाबास! चार ओळींत काम केलेस."

तो म्हणाला, "सर, ओळी चारच, पण त्या लिहिणाऱ्याला मराठी यायला हवी. ज्याला 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक ठाऊक नाही, त्याला हा किडा सापडलाच नसता. त्याने सरळ सांगितले असते की, यंत्र बरोबर आहे, आजींनी नाव बदलून घ्यावे."

त्याचे हे म्हणणे माझ्या मनात घोळत राहिले. मराठीत आवश्यक असलेला 'ॲ' पाहा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याचा क्रमांक २४१८. तोपर्यंत हे अक्षर उमटवण्यासाठी लोकांना नाना खटपटी कराव्या लागत. आपल्या भाषेला काय लागते, हे कोणीतरी ठिकठिकाणी जाऊन, अर्ज करून, पटवून द्यावे लागते. ते आपोआप कोणी देत नाही.

गोकुळपेठेच्या बाजारातही त्याचे विचार थांबत नाहीत. भाजीवाल्या बाईंच्या टोपलीजवळ काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे एक चित्र टांगलेले असते. गिऱ्हाइकाने आपला मोबाईल त्यासमोर धरावा, रक्कम लिहावी, की पैसे बाईंच्या खात्यात जमा होतात. यूपीआय नावाची ही पद्धत आपल्या देशात २०१६ साली सुरू झाली. पैसे मिळाल्याचे सांगणारी एक बोलकी डबीही पुष्कळ दुकानांत असते. "सर," तो एकदा म्हणाला, "ती डबी ज्याने काढली, तो मोठा माणूस. भाजी विकताना हात ओले, डोळे तराजूवर. अशा वेळी पडदा कोण वाचणार? कान मात्र मोकळे असतात." इतक्या धावपळीत त्याला बाईंचे ओले हात दिसले, याचे मला अधिक कौतुक वाटले.

सकाळी तो वर्तमानपत्र वाचतो. मोबाईलवर साऱ्या बातम्या मिळत असताना कागद कशाला, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "छापलेल्या बातमीखाली कोणाची तरी जबाबदारी असते." बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' हे मराठीतील पहिले वृत्तपत्र काढले, तेव्हा ते पाक्षिक होते. एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. पंधरा दिवस थांबून लोक ते वाचत. आज पंधरा क्षण थांबण्याची कोणाची तयारी नसते. आलेला निरोप खरा की खोटा, हे न पाहताच बोट पुढे सरकते आणि तो निरोप शंभर घरी जातो.

अशाच एका खोट्या निरोपाने आपल्या महाराष्ट्रात काय घडवले, ते तुम्हांला सांगायला हवे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा २०१८ च्या उन्हाळ्यात मोबाईलवरून गावोगाव पसरली. तशी टोळी कोठेच नव्हती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजाराला पाच परगावचे माणसे आली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती भटकी माणसे पोटासाठी गावोगाव फिरत असत. लोकांना संशय आला. त्यांना कोणी नीट विचारले नाही, त्यांचे कोणी ऐकले नाही. जमावाने त्या पाचही निरपराध माणसांना मारून टाकले.

हा प्रसंग सांगताना अभियंत्याचा आवाज खाली आला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप चालवणाऱ्या कंपनीने भारतापुरता एक नियम केला: एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही. पुढच्या वर्षी तोच नियम साऱ्या जगाला लागू झाला. "म्हणजे काय झाले, सर? कोणीतरी माझ्यासारखाच एक माणूस टेबलाशी बसला असेल आणि त्याने एका ओळीत पाच हा आकडा लिहिला असेल. तो आकडा आधीच लिहिला असता तर काय झाले असते, हा विचार त्याच्या मनात आला असेल का?"

मी म्हटले, "आकडा पाच असो की पन्नास, आलेला माणूस कोण, हे त्यालाच विचारायचे, ही गोष्ट कोणत्या ओळीत लिहिशील?"

यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ते तुमच्या खात्यातले काम, सर."

मागच्या आठवड्यात तो एक नवीन अडचण घेऊन आला. एका शब्दसूचीची मांडणी त्याला वर्णानुक्रमे करायची आहे. यंत्राला नुसते "क्रमाने लाव" म्हटले की ते आकड्यांच्या क्रमाने लावते. 'ळ' चा आकडा २३५५, म्हणजे 'ल' च्या पुढे आणि 'व' च्या आधी. त्यामुळे यंत्राच्या सूचीत 'काळ' आधी येतो, 'कावळा' त्यानंतर आणि 'काहूर' त्याच्याही नंतर. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह' च्या मागून येतो. तेव्हा 'कावळा', 'काहूर' आणि मग 'काळ' हा आपला क्रम. मराठीसाठी हा निराळा नियम यंत्राला मुद्दाम समजावून द्यावा लागतो. तसाच प्रश्न 'क्ष' आणि 'ज्ञ' यांचा. ते वर्णमालेच्या शेवटी ठेवावेत की 'क' आणि 'ज' यांच्या पोटात, यावर आमचा तासभर वाद झाला. मी म्हटले, आमच्या पाटीवर ते शेवटी होते. तो म्हणाला, व्याकरण त्यांना जोडाक्षरे म्हणते. कपाटातून जुने शब्दकोश काढले, पाने उलटली, चहा दोनदा झाला. निर्णय लागला नाही. जाताना तो माझा जाडजूड शब्दकोश काखेत मारून घेऊन गेला, तो अजून त्याच्याच टेबलावर आहे.